हलका हात

३ मार्च, सोमवार

चावली! आज परत चावली. अंगठ्याखाली दातांचे ठसे उमटलेत. पार्लरमध्ये एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कुत्रं चावलं की काय हो?" म्हटलं, हो. दुसरं काय सांगू? माझी पाच वर्षांची लेक चावली, कारण मी तिच्या केसांतून कंगवा — छे, कंगवा कसला, नुसतं बोट फिरवायला गेले!

दिवसभर परक्या बायकांच्या डोक्यांवरून हात फिरवते मी. मालकीणबाई नव्या पोरींना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हात असा हलका पाहिजे." आयब्रो करताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. म्हाताऱ्या तर डोकं धुताना चक्क घोरायला लागतात. आणि पोटची पोर मी जवळ गेले की किंचाळते. हसावं की रडावं तेच कळत नाही.

भिंगरी म्हणतो आम्ही तिला. उठल्यापासून गोल गोल. गरगर फिरते, पडते, हसते, परत फिरते. तेवढा वेळ खूश. अंगाला हात लागला की संपलं.

तिचे केस आजवर मी ती झोपेत असताना कापत आले. एका हातात कात्री, दातांत टॉर्च, चोरासारखी. आता तेही जमत नाही, जागी होते. किती महिने झाले, ना कात्री ना कंगवा. डोक्याचं नुसतं घरटं झालंय. आणि डाव्या कानामागे, जटेच्या खाली, जखम. आज उशीवर पिवळा डाग होता.

लोकांची रडगाणी ऐकायचा माझा धंदाच आहे. माझं रडगाणं कोण ऐकणार? म्हणून इथे.

५ मार्च, बुधवार

कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, हे आणि सासूबाई. एका एवढ्याशा पोरीला तीन मोठी माणसं, तरी ती टेबलाखाली! डॉक्टरांनी तिथेच वाकून, लांबूनच बघितलं.

"औषधानं जखम तात्पुरती दबेल. पण हे गुंते डोक्यावर आहेत तोवर पुन्हा पुन्हा होणार. थोडी भूल देऊन सगळे केस काढून टाकू." मोठ्या हॉस्पिटलातली तारीख मिळाली. एकवीस एप्रिल.

"सुटलो," हे म्हणाले. सासूबाईही म्हणाल्या, "एकदाचं होऊन जाऊ दे गं. केस काय, येतील परत."

केस येतील. ती येईल का? झोपवतील, आणि जाग येईल तेव्हा डोकं रिकामं. तिला काय वाटेल? आपण डोळे मिटले की ही माणसं आपलं काहीतरी काढून नेतात — हेच ना? आधीच मला चार हात लांब ठेवते. मग तर जन्मात जवळ येणार नाही.

निघताना डॉक्टरांनी एक पत्ता दिला. ऑक्युपेशनल थेरपी. "तोवर हे करून बघा. ज्या मुलांना स्पर्श सहन होत नाही त्यांच्यासाठी." बघू. बुडणाऱ्याला विचारायचं का, दोर कुठल्या रंगाचा?

८ मार्च, शनिवार

गेलो थेरपीला. काय बघितलं? झोपाळा!

तळमजल्यावर एक लांब खोली. जमिनीवर निळ्या गाद्या, छताला लोखंडी कड्या, मधल्या कडीला गोल झोपाळा. कोपऱ्यात टायर, वाळूच्या पिशव्या, एक ढकलगाडी. एका भिंतीला बुटका आरसा. बाई माझ्याच वयाची असेल. केस आखूड, मागची रेघ वाकडी — कुणी कापलेत देव जाणे! पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. माझ्याशी जेमतेम बोलली. भिंगरीशी तर बोललीच नाही! सरळ जाऊन टायरात बसली आणि स्वतःच्या गुडघ्यावर एक रबरी बेडूक ठेवला. बेडूक पडला. परत ठेवला. परत पडला. "काय रे तू," म्हणाली बेडकाला, "तुला साधं बसता येत नाही!"

भिंगरी सगळा वेळ झोपाळ्यात. ही बाई दोर पिळून देणार, सोडणार. पिळणार, सोडणार. बस्स! निघताना मी विचारलं, "थेरपी कधी सुरू होणार, मॅडम?"

"झाली की," म्हणाली आणि हसली.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "खेळायला घरात जागा कमी पडली का?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आमचं एकमत झालं. मी त्या बाईचं नाव ठेवलंय — खेळबाई.

११ मार्च, मंगळवार

परत झोपाळा. परत बेडूक. पार्लरमधून सुट्टी काढून मी बेडूक बघायला जाते!

१३ मार्च, गुरुवार

आज नीट बघितलं. म्हणजे दुसऱ्या पार्लरवालीला बघते तसं. तोंड नाही बघायचं, हात बघायचे.

ही बाई उगाच काहीच करत नाही! दोर पिळून झाला की झोपाळा धरून ठेवते. भिंगरी वाट बघते. ती सोडत नाही. "इकडे बघ" नाही, "काय पाहिजे बोल" नाही. नुसती धरून उभी, चेहऱ्यावर गंमत. शेवटी भिंगरी वैतागून तिच्याकडे बघते. बघितलं रे बघितलं की — सुर्रर्र! असं किती वेळा झालं. माझी लेक त्या बाईच्या डोळ्यांत आज जितकं बघत होती तितकं माझ्याकडे वर्षभरात बघितलं नसेल.

आणि तो बेडूक! तो पडत नव्हता, ती पाडत होती. लबाड! आज पाचव्या-सहाव्यांदा पडला तेव्हा भिंगरी झोपाळ्यातून उतरली, बेडूक उचलला आणि तिच्या गुडघ्यावर दाबून बसवला. स्वतःहून. एका माणसाच्या गुडघ्याला हात लावला स्वतःहून! मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर ओरडलेच असते. खेळबाईनं मात्र टाळ्या नाहीत, शाबास नाही, काही नाही. बेडकालाच म्हणाली, "थँक्यू म्हण."

मग बेडकाला घर बांधायचं निघालं. त्याला विटा हव्यात. विटा म्हणजे वाळूच्या पिशव्या, गाडीत भरायच्या आणि ढकलत पलीकडच्या भिंतीपर्यंत न्यायच्या. जड! पोरगी लालबुंद झाली, घामानं निथळली. आणि त्यानंतर शांत बसली. भिंगरी! बसली! मी मनात म्हटलं, हे काहीतरी वेगळं प्रकरण आहे.

१५ मार्च, शनिवार

आज खेळबाईनं विचारलं, "ताई, घरी तिला हात कसा लावता? माझ्या हातावर दाखवा ना."

मी तर खूशच झाले. म्हटलं, आता आपली कला दाखवू. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली — माझी ठेवणीतली, मालकीणबाई नव्या पोरींना दाखवायला लावतात ती. तिनं हात झटकन मागे घेतला. "बाई गं!" म्हणून दुसऱ्या हातानं चोळला. मग माझा हात दोन्ही तळव्यांत धरला आणि दाबला. चांगला घट्ट. थांबली. मग सोडला. "आणि हा?"

आतून कुणीतरी खुर्ची सरकवून दिल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, "काही मुलांना हलका हात टोचतो. अंगावर मुंग्या सोडल्यासारखा. कुठून आला, कुठे चाललाय, कधी संपणार, काही कळत नाही त्यांना. दाबून धरलेला हात कळतो. म्हणून तर ती गाडी ढकलते, झोपाळ्यात पिळून घेते. तिला काय हवंय ते ती शोधतेच आहे बघा, बिचारी."

"पण मी तर... तिला त्रास होतो म्हणून मी आणखी आणखी हलका..."

"हो ना," ती म्हणाली. "प्रेमानंच."

रिक्षात रडले. भिंगरी पलीकडच्या टोकाला खिडकीतून बाहेर बघत होती. एवढ्या आया असतात जगात, धसमुसळ्या, आपटाआपटी करणाऱ्या. आणि सगळ्यात हलक्या हाताची आई नेमकी हिच्या वाट्याला आली!

१८ मार्च, मंगळवार

दाबून हात लावायची प्रॅक्टिस चाललीय. काल मशीन दुरुस्त करून आलेल्या ह्यांच्या खांद्यांवर केली. (हे लिफ्टचे मेकॅनिक. घरी येतात तेच मुळी अर्धे झोपेत.) म्हणाले, "कणीक आहे का मी?" आज पार्लरमध्येही नकळत सुरू झालं. नेहमीच्या शिक्षिकाबाई आरशातून बघत म्हणाल्या, "काय गं, माझ्यावर राग आहे का आज?"

भिंगरीला मात्र अजून हात लावलेला नाही. धीर होत नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचा खेळ — रोलर!

एक गादी खाली, तिच्यावर भिंगरी पालथी, तिच्यावर दुसरी गादी. डोकं तेवढं बाहेर. ती रस्ता. वरून खेळबाई एक भलामोठा चेंडू घेऊन रोलर चालवते. तोंडानं आवाज — घर्र घर्र घर्र — आणि चेंडूवर आपला सगळा भार. मला वाटलं, आता ऐकू येईल किंकाळी. गादीखालून आलं हसू!

"रस्ता सपाट झाला का हो?"

"नाही!"

"अजून चालवू?"

"अजून!"

दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ, ती पोर. "अजून, अजून, पायावर, इकडे!" हुकूम सोडत होती. आणि खेळबाई? "हो साहेब, आले साहेब." कुठे किती भार द्यायचा ते तिचा तळहात सांगत होता तिला. मी नीट बघत होते. मानेजवळ चेंडू आला की जरा कमी, पाठीवर पूर्ण, आणि "थांब" म्हटलं रे म्हटलं की जागच्या जागी थांबायचा. अर्धा फूटसुद्धा पुढे नाही. आमच्यात काही जणी वीस-वीस वर्षं हे काम करतात, पण गिऱ्हाईक "बास" म्हटल्यावरही दोन हात जास्तीचे मारतातच.

मी हिला खेळबाई म्हणते ते आता चिडवायला नाही. मानानं म्हणते.

२३ मार्च, रविवार

घरी रोलर चालवला. चेंडू नाही, मग हेच रोलर झाले! गादीवर कोपरं टेकून, पोट सावरत, घर्र घर्र. आमच्या ह्यांना घरात कधी आवाज काढताना ऐकलं नव्हतं, आज डिझेलचं इंजिन! सासूबाई आधी म्हणाल्या, "अरे, मोडेल पोर!" नंतर स्वतःच लाटणं घेऊन वाहतूक पोलीस झाल्या. "थांबा! रस्त्याचं काम चालू आहे!" कुणाला थांबवत होत्या कोण जाणे, मीच एकटी होते समोर.

मग भिंगरी म्हणाली, "आई."

मी म्हटलं, "काय गं?"

"आई रोलर."

मी गादीवरून तिच्या पाठीवर दोन्ही तळहात टेकले. पूर्ण भार दिला. गादी मध्ये होती, मान्य. पण हातांखाली तिचा श्वास कळत होता. वर-खाली, वर-खाली. पळाली नाही. किंचाळली नाही. पाच वर्षांची झाली माझी लेक आणि आज मला कळलं की तिचा श्वास असा चालतो. देवा.

२७ मार्च, गुरुवार

आज दाढीचा फेस. खेळबाईनं बुटक्या आरशावर फेसाचा ढीग केला आणि भिंगरीच्या हातात दिला चमचा, लांब दांड्याचा. बोट लावायला सांगितलंच नाही! चमच्यानं रेघा काढ. मग आखूड ब्रश. मग अर्धी तुटलेली पेन्सिल. वस्तू लहान लहान होत गेली आणि बोट फेसाच्या जवळ जवळ. शेवटी बोटाला लागलाच. भिंगरीनं बोटाकडे बघितलं. आम्ही दोघी श्वास रोखून. तिनं बोट खेळबाईच्या शर्टाला पुसलं आणि परत फेसात बुडवलं!

मी विचारलं, हे तुम्हाला सुचतं कसं? म्हणाली, "मला कुठे सुचतं. मी फक्त ती जिथे आहे तिथून एक पायरी पुढे काहीतरी ठेवते. दोन पायऱ्या ठेवल्या तर ती खेळणार नाही. एकही नाही ठेवली तर मी कशाला?"

वाकडी रेघ असू दे नाहीतर काही असू दे. ह्या बाईचे केस मी फुकट कापून देईन. आयुष्यभर!

३० मार्च, रविवार

माती खाल्ली मी.

सगळं इतकं छान चाललं होतं! भिंगरी गादीत, हे रोलर, सासूबाई शिट्ट्या मारताहेत. हसून हसून तिचे डोळे मिटलेले. डोकं बाहेर, आणि कानामागची जट अगदी माझ्या समोर. इतकी समोर! धुवायला घेतलेला पार्लरचा ॲप्रन हातातच होता, त्याच्या खिशात छोटी कात्री असतेच. हात आपोआप गेला. म्हटलं, ती रंगलीय, एक गाठ, एकच, तिला कळणारही नाही. धंद्याचा हात, तो का ऐकतो!

खस्स.

किंचाळली असती तर बरं झालं असतं. गप्प झाली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग कात्रीकडे. गादीतून सरपटत बाहेर आली, वरची गादी ओढत नेऊन भिंतीला उभी केली, आणि जाऊन टेबलाखाली बसली. ह्यांच्या तोंडातलं इंजिन अर्ध्यातच बंद पडलं. सासूबाईंची शिट्टीही.

३१ मार्च, सोमवार

जेवली नाही. माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

थेरपीच्या खोलीच्या दारातच थांबली. निळ्या गाद्या बघितल्या आणि कानांवर हात. आत पाऊल टाकलं नाही. झोपाळासुद्धा नको!

मी खेळबाईला सगळं सांगितलं. म्हटलं, मारा मला हवं तर. तिला राग आला असेल, पण चेहऱ्यावर दिसला नाही. म्हणाली, "खेळात कुणी आपल्याकडून काही करून घेत नाही, म्हणून तर मूल खेळतं ना ताई. तिला आता कळलंय की तिथेसुद्धा कुणीतरी टपून बसलंय." मग जरा थांबून, "मोह मलाही होतो हो. पोर रंगलेलं दिसलं की वाटतं, ह्यातच बटण लावायला शिकवून घेऊ. मुलं लगेच ओळखतात. पाठ फिरवतात. माझ्याकडेही कितीजणांनी फिरवली असेल."

"आता?"

"आता खेळ तिच्या हातात द्यायचा. सगळाच. आपण रस्ता व्हायचं."

"एकवीस तारीख आहे," मी म्हटलं.

"तारीख तुमची आहे," ती म्हणाली. "तिला तारीखबिरीख माहीत नाही."

चटका बसला. पण खरं बोलली.

५ एप्रिल, शनिवार

खेळबाई स्वतः दोन गाद्यांच्या मध्ये पालथी पडून राहिली. बेडूक शेजारी. भिंगरी दारात. "अहो, रस्ता फार खडबडीत झालाय हो! कोणी रोलरवाले आहेत का?" ही आपली पडून. मध्येच बेडकाशी गप्पा मारते. मला वाटलं, झोप लागेल हिला. लागलीच असेल थोडी! एवढी शिकलेली बाई, अख्खा वेळ गादीखाली, एका हटून बसलेल्या पोरीसाठी. आणि चेहऱ्यावर कुठेही "किती वेळ गं" नाही.

भिंगरी आली नाही. खेळबाई उठली, केस नीट केले, म्हणाली, "छान झाला आजचा दिवस." मी वेड्यासारखी बघत राहिले. "तुम्ही लक्ष दिलं नाहीत," ती म्हणाली. "ती दाराच्या आत उभी होती. बाहेर नव्हती."

८ एप्रिल, मंगळवार

चढली! चेंडू घेऊन खेळबाईवर चढली आणि असा काही रोलर चालवला की विचारू नका. "थांब!" म्हटलं की थांबते. "चालू!" म्हटलं की चालू. थांबताना आधी वाकून बघते, खालच्या माणसाला खरंच थांबायचंय का. हे तिला कोणी शिकवलं?

मग माझ्याकडे बोट दाखवलं. मी साडी खोचली आणि शिरले गादीत. सांगते, तिथे खाली अंधार, प्लास्टिकचा वास, आणि पाठीवर तुमची पोर. मी "थांब" म्हटलंच नाही. ती दमेपर्यंत पडून राहिले.

१० एप्रिल, गुरुवार

घरातली भिंतीला लावलेली गादी आज तिनं स्वतः खाली ओढली. सासूबाई रस्ता झाल्या. म्हणाल्या, "माझी कंबर मोकळी झाली गं बाई, रोज चालवा!"

१३ एप्रिल, रविवार

आज मी गिऱ्हाईक झाले.

सुट्टीचा दिवस, मी खाली बसून टॉवेलांच्या घड्या करत होते. भिंगरीनं एक टॉवेल उचलला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. मागून. गळ्याशी घट्ट ओढला — चांगला घट्ट! मी म्हटलं, "कापायचेत का केस?" (असं मी दिवसातून किती वेळा विचारते!) ती गंभीर. फेसाचा डबा आणला, माझ्या डोक्यावर ओतला निम्मा. दोन्ही हातांनी चोळला. दोन्ही हातांनी! माझ्या डोक्यावर तिची बोटं, कोपरापर्यंत फेस, आणि दाबून दाबून चोळतेय. माझं डोकं आयुष्यात इतकं छान कोणी धुतलेलं नाही. आणि मी धंद्यातली आहे!

मग कागद कापायची बोथट कात्री घेऊन आली. पुढे येऊन उभी राहिली. कात्री उघडली. मिटली. माझ्याकडे बघितलं.

माझे केस कमरेपर्यंत आहेत. होते. मालकीणबाई गिऱ्हाइकांना दाखवतात, "बघा, आमच्याकडची बाई." मला एका क्षणात सगळं आठवलं. पार्लर, उद्याचा सोमवार, सासूबाई स्वयंपाकघरातून काय म्हणतील. आणि समोर ही, कात्री हातात, वाट बघतेय की मी पळते का.

"काप," म्हटलं.

कपाळावरची बट धरली, चांगली मुठीत. बोथट कात्री, दोन-तीन वेळा चावल्यासारखं झालं, आणि तुटली. ती बट बघत राहिली. मी हलले नाही. परत एक. मग कानाजवळची. कान धरून वाकवला तिनं, मी धरते तस्साच! म्हणजे बघते ती. टेबलाखालून, दाराआडून, मला रोज बघत असते. मी समजत होते की तिला माझ्याकडे बघायचंच नसतं.

सासूबाई आल्या, दारात थबकल्या, तोंडाला पदर लावला आणि तशाच मागच्या पावली गेल्या. त्यांचे उपकार आहेत ते.

१४ एप्रिल, सोमवार

पार्लरमध्ये हाहाकार! मालकीणबाई म्हणाल्या, "हे कुणी केलं?" म्हटलं, लेकीनं. "आणि तू करू दिलंस?" म्हटलं, हो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः सगळं सारखं करून दिलं. मान उघडी पडली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस. दिसू दे.

१५ एप्रिल, मंगळवार

खेळबाईनं मला दारातच बघितलं आणि जागची हलली नाही. डोळे भरून आले तिचे. बाई रडते! एवढी खंबीर बाई! मग म्हणाली, "मला बोलवा ना, मीही येते तिच्याकडे कापायला. नाहीतरी माझी मागची रेघ वाकडीच आहे."

मी विचारलं, "सोमवारचं काय करू?"

"मी सांगणार नाही," म्हणाली. "जखम आहे, तेही खरं. नेलंत तर जागं असताना सगळं खेळून दाखवू तिला आधी — मास्क, टोपी, झोपणं, उठणं. मी येईन बरोबर. नाही नेलंत तरी मी आहेच."

मी आजवर कितीतरी हुशार माणसं बघितली, खुर्चीत बसून जगाला शहाणपण सांगणारी. पण एखाद्याच्या पोरीसाठी हॉस्पिटलात टोपी घालून बेडूक घेऊन येईन म्हणणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. ह्या बाईला सगळं ठाऊक आहे — कुठली नस, कुठला स्नायू, मेंदूत काय होतं. मी विचारलं की सांगते, तोंडपाठ. आणि ते सगळं ज्ञान घेऊन ती जमिनीवर बसते आणि हरते. रोज. आनंदानं.

१८ एप्रिल, शुक्रवार

भिंगरीनं ह्यांची दाढी केली. चमच्यानं. हे लिफ्टसारखे बंद पडून बसले होते. जखम औषधानं सुकलीय, पण जट तशीच, आणि खाजवते सारखी. मी कात्रीचा विषय काढत नाही. जीव टांगणीला लागलाय. सोमवारची बॅग अर्धी भरली, अर्धी तशीच ठेवली.

२० एप्रिल, रविवार

सकाळी भिंगरी माझ्याकडे आली. हातात टॉवेल, आणि माझी कात्री — बोथट नव्हे, खरी. खांद्यांवर टॉवेल स्वतःच घेतला होता. मी स्टूल आणायला उठले तर हात धरून खाली बसवलं मला, आणि मांडीवर बसली. माझ्या मांडीवर! केस बाजूला करून कान वाकवून दाखवला.

एक हात तिच्या डोक्यावर घट्ट ठेवला आणि एक गाठ कापली. मग दुसरी. मग तिसरी. ती म्हणाली, "बास."

थांबले. मोठी जट तशीच राहिली. तिनं मान वळवून बघितलं, मी खरंच थांबले का. कात्री जमिनीवर होती, माझे दोन्ही हात रिकामे होते. हे दारातून बघत होते, ते उद्याचं रद्द करायला फोनकडे गेले.

ती उठली नाही.